बदाम सातचे अकरा नियम

ग्लासगोला दोन वर्षं सार्वजनिक धोरण शिकून गार्गी नागपूरला परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, अन्यायाशी आपली पहिली गाठ नरखेडकडच्या एखाद्या गावात पडेल. ती पडली प्रतापनगरात, घरच्याच दिवाणावर, रविवारी दुपारी साडेतीनला.

दिवाणावर बदाम सात रंगलं होतं. एकीकडे बाबा, म्हणजे ताराचंदराव. समोर त्यांचा धाकटा भाऊ मधुकरकाका, जे दर रविवारी मानेवाड्याहून स्कूटरवर यायचे. मध्ये आई आणि गार्गी.

"पास," काका म्हणाले.

"इस्पिकची अठ्ठी तुह्याजवळ आहे, मधू. दाबून राहिला तू."

"दाबून नाही, अडवून राहिलो. अडवाले अक्कल लागते, दादा."

"पान असलं तर टाकाच लागते."

"कुठं लिहून आहे?"

हा प्रश्न गार्गीनं मनावर घेतला. (अशाच एका प्रश्नावर साठ पानं लिहून तिनं डिस्टिंक्शन मिळवलं होतं.) आठवडाभर तिनं नेट धुंडाळलं, शेजारीपाजारी विचारलं आणि चार्टपेपर आणला. हातात पान असताना पास म्हणता येईल का? नाही. एक्का दुर्रीच्या खाली लागतो की राजाच्या वर? खालीच. दुसऱ्याच्या पानांत डोकावलं तर? पुढची पाळी गेली. असे अकरा नियम दिवाणामागच्या भिंतीवर चिकटले. रविवारी खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

"याची जरुरत आहे का वं?" सही करता करता आईनं विचारलं.

"आई, नियम स्पष्ट असले की भांडणं राहत नाहीत."

आणि खरोखरच राहिली नाहीत. काकांनी पान होतं तेव्हा टाकलं, नव्हतं तेव्हा पास म्हटलं. बाबांनी तोंड उघडलं ते एकदाच, जांभई द्यायला. एरवी दिवेलागणीपर्यंत चालणारा खेळ चहा यायच्या आत आटोपला. गार्गीला वाटलं, अंमलबजावणी असावी तर अशी.

पुढच्या रविवारी काका आलेच नाहीत.

बाबा साडेतीनपासून पत्ते पिसत बसले. सहाला त्यांनी कॅट डब्यात ठेवला. "त्याले काम असन."

"फोन करा ना, बाबा."

बाबांनी टीव्ही लावला.

आईनं तिला स्वयंपाकघरात ओढलं. "मिनलच्या लग्नात काकानं पोरीची पत्रिका छापली, त्यात तुह्या बाबाचं नाव तिच्या मामाच्या खाली गेलं. तीन वर्षं झाले. तेव्हापासून दोघं बोलत नाही."

"दर रविवारी तर बोलायचे."

"भांडायचे. पत्त्यावरून. तेवढंच बोलणं उरलं होतं, ते तू मिटवून टाकलं."



सोमवारी सकाळी, चहाच्याही आधी, तिनं निर्णय घेतला: खोटं बोलायचं. (पहिलीच वेळ असल्यामुळे तिनं ते आधी कागदावर मुद्देसूद लिहून काढलं.) बाबा पेपर वाचत होते. तिनं त्यांच्यासमोरच काकांना फोन लावला.

"काका, बाबा म्हणतात, तुम्हाला अडवता येतच नाही. म्हणून आला नाहीत."

बाबांनी पेपर खाली केला. "मी कधी म्हटलं?"

"दे त्याले फोन," तिकडून काका म्हणाले.

मग इस्पिकच्या अठ्ठीवरून जी जुंपली, ती पार शाळेच्या सुट्ट्यांमधल्या डावांपर्यंत गेली. आई दाराशी उभी राहून पदरानं डोळे टिपत होती. चहा दोनदा गरम झाला. गार्गीला आपल्या शिक्षणाचं प्रथमच सार्थक वाटलं.

तेवढ्यात बाबा थांबले. भिंतीवरच्या चार्टकडे पाहत त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा भावाशी सहमत झाले.

"हो गा मधू, मीही तेच म्हणून राहिलो. पोरगी एवढी शिकली, पण पत्त्यातलं तिले काहीच समजत नाही."