मालगुंडचे इंजनवाले व्याही

ट्रॅक्टरच्या हँडलनं उलटा झटका दिला आणि भिकाजी चार हात मागं, वाळत घातलेल्या सुकटीवर जाऊन बसले.

"लागलं काय व्याही?" गंगारामनं विचारलं.

"लागतंय कसलं? इंजनाचा दम बगत होतो," भिकाजी म्हणाले आणि सुजलेलं मनगट हळूच पाठीमागं लपवलं.

पूर्णगडच्या गंगारामनं खाडीकाठची आपली खारजमीन यंत्रानं नांगरायचं मनात घेतलं होतं. मुंबईला एका साहेबाचं सामान लिलावात निघालं, त्यात हा ट्रॅक्टर त्यानं न बघताच उचलला. आत्माराम तांडेलानं तो आपल्या मचव्यातून बंदरावर आणून उतरवला, तेव्हा अख्खं गाव बघायला लोटलं. समोरून बघावं तर रेडा, मागून बघावं तर रहाटगाडगं. लोखंडी चाकांना वीतवीतभर दात. नावाचा पत्रा होता तिथं नुसता गंज. हे कुठल्या देशाचं, कुठल्या साली जन्मलं, काय खातं, काही कळायला मार्ग नव्हता.

गंगाराम मात्र निर्धास्त होता. त्याच्या विठूचं लग्न मालगुंडच्या भिकाजींच्या मैनाशी ठरत आलं होतं आणि भिकाजींनी आगबोटीच्या इंजनघरात तेवीस वर्षं काढली होती. ही गोष्ट खरी होती. तिथं आपण साहेबाला चहा नेऊन देत होतो, एवढंच भिकाजींचं सांगायचं राहून गेलं होतं. आधी राहून गेलं, मग त्यांनी राहू दिलं. विठूला दाभोळचं एक तालेवार स्थळ सांगून आलेलं असताना गंगाराम म्हणाला होता, "दारात इंजन येतंय, तर सून पण इंजनवाल्याचीच होवी." साखरपुडा उद्यावर आलेला. इंजन चालू झालं तर मैना या घरात, नाही तर दाभोळकरीण.

"मग कुठल्या जातीचं म्हणायचं हे?" गंगारामनं विचारलं.

भिकाजींनी देवळाला घालाव्यात तशा ट्रॅक्टरला तीन प्रदक्षिणा घातल्या. बोटीवर बॉयलर होता, कोळसा होता, फावडी होती. इथं कोळसा टाकायला भोकच दिसेना! "कोळसा कुठं घालतात?" हा प्रश्न ओठापर्यंत आला, तो त्यांनी आवंढ्याबरोबर गिळला. मग तारा जोडलेले, चिनीमातीच्या टोप्यांचे चार खुंटे दिसले.

"चार नळ्यांचं हाय," ते गंभीरपणे म्हणाले.

गावकऱ्यांनी माना डोलावल्या. पुढं तेलाच्या टाक्या दोन निघाल्या, एक मोठी, एक चिमुकली. मोठीला घासलेटाचा वास, लहानीला पेट्रोलचा.

"अवो, एका इंजनाला दोन तेलं कशाला?" त्यांची बायको हौसा हिनं सगळ्यांदेखत विचारलं. होणाऱ्या विहीणबाई म्हणून तीही आली होती.

"सकाळची न्याहारी वेगळी आणि दुपारचं जेवान वेगळं. तसंच हे," भिकाजी दडपून बोलले.

आणि गंमत अशी, की ते अगदी बरोबर होतं! ते इंजन पेट्रोलवर जागं व्हायचं आणि तापलं की घासलेटावर चालायचं. मारलेली थाप खरी निघायचा प्रसंग भिकाजींवर जन्मात पहिल्यांदाच आला होता, आणि तो त्यांना कळलासुद्धा नाही.

परत हँडल सुरू झालं. वीस फेरे झाले, चाळीस झाले. इंजन एकदा म्हाताऱ्यासारखं खोकलं आणि गप्प बसलं. पुन्हा चाळीस, पुन्हा एकच खोकला. तेल उतरतंय का बघितलं, तर थेंब थेंब उतरत होतं. वीज येते का बघायला भिकाजींनी तार हातात धरली आणि गंगारामला हँडल मारायला सांगितलं. पुढच्या क्षणी टोपी एकीकडं आणि भिकाजी दुसरीकडं.

"विजेला कायएक झालेलं नाय," ते जमिनीवरूनच म्हणाले.

तेल आहे, वीज आहे, इंजन नाही! मग गंगारामनं गुरवाला बोलावलं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लोखंडाच्या रेड्याला कुनाची नदर लागली असंल तर ती फोडून टाक..." आणि नारळ नेमका इंजनाच्या टाळक्यावर फोडला. पाणी तारांवर सांडलं आणि होता तो खोकलाही बंद झाला. हौसानं नव्या लुगड्याच्या पदरानं एकेक तार पुसली, तेव्हा कुठं तो परत आला. एकच.

उन्हं कलायला लागली. सकाळी "व्याही" म्हणणारा गंगाराम दुपारी "भिकाजीराव" म्हणू लागला होता, आता तो "पाव्हणे" म्हणाला.

"पाव्हणे, दाभोळचा मानूस सांजच्याला निघतोय. त्याला काय निरोप देऊ?"

भिकाजींच्या डोळ्यांपुढं मैना उभी राहिली. पोरीनं साखरपुड्याचं लुगडं तीनदा घडी घालून तीनदा उलगडलं होतं. त्यांनी हँडल सोडून दिलं.

"ऐका. पोरीला दोष देऊ नका. मी इंजनवाला नाय. तेवीस वर्षं मी साहेबाला फकस्त चाय नेऊन दिली. चाय मीच करायचो आणि मीच न्यायचो. इंजनाला हात लावलेला नाय."

मग हौसा कमरेवर हात ठेवून पुढं आली.

"चाय? ह्यांनी? अवो, लगीन झाल्यापास्नं ह्यांनी चुलीवर पाण्याचा टोप ठेवलेला मी बगितला नाय! साकर आणि मीठ ओळखत नाय हा मानूस!"

बाया फिदीफिदी हसल्या. बिंग फुटू नये म्हणून भिकाजींनी घरात चहाच्या भांड्याला बोट लावलं नव्हतं, ते असं अंगाशी आलं; आता खरं सांगूनही कुणाला पटेना.

तेवढ्यात आत्माराम तांडेल आपले दोर न्यायला आला.

"काय रे, अजून बोंबलत नाय वाटतं? बूच काडलात ना?"

"कसलं बूच?"

"धुराच्या नळीतलं! माज्या मचव्यात चढंल त्या वस्तूला मी भोक ठेवत नाय. भोक म्हंजे पाणी शिरनार. कापूस ठोकून वरनं राळ ओतलेय चांगली, होडीची फट भरतो तशी."

त्यानं कोयतीच्या टोकानं मूठभर काळा गोळा उपसून काढला. भिकाजींनी जीव गेल्यासारखं हँडल एकदा फिरवलं आणि इंजन असं गरजलं, की माडावरचे कावळे खाडीपार गेले.

गंगारामनं धावत येऊन भिकाजींना मिठीच मारली. "भोक बुजलंय हे तुमाला सकाळीच कळलं होतं! आमची नियत बगत होता! तुमी नुसते चायवाले निघालात तरी तुमची लेक करून घेतो का, ते बगत होता!"

"नाय ओ, मी खरंच चाय..."

"पुरे आता! लाजवू नका. उद्याचा साखरपुडा पक्का!"

चौघांनी भिकाजींना उचलून ट्रॅक्टरच्या बैठकीवर बसवलं. पाय कशावर तरी पडला, हात कशावर तरी, आणि ट्रॅक्टर खाडीच्या दिशेनं निघाला. भरती चांगलीच चढली होती.

"अरे, हे थांबवायचं कसं, ते मला म्हायत नाय!" भिकाजी वरून जीव खाऊन ओरडले.

गंगाराम कौतुकानं गावकऱ्यांकडं वळला. "बगा, अजून परीक्षा घेतायत."