कपाटामागून घेतलेला इंग्रजीचा तास

दाताच्या डॉक्टरांनी हिला नेमकी वर्गाचीच वेळ दिली आणि मी म्हणालो, "जा तू निवांत. आजचा तास मी घेतो." (इथेच कुणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवायला हवा होता.)

ही आमच्या बाहेरच्या खोलीत मोठ्या माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवते. मी ऑफिसात कारकून. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' आणि 'युवर्स फेथफुली' या दोन टोकांना माझं इंग्रजी अगदी फर्डं आहे. मधल्या भागाशी माझा फारसा संबंध येत नाही.

"उद्या त्यांची तोंडी परीक्षा आहे," ही चपला घालता घालता म्हणाली. "ड्रायव्हरभाऊंची नवी नोकरी त्यावर अडकलीय. नवीन काही शिकवायला जाऊ नका. नुसता हुकमाचा खेळ घ्या. 'सर सेज' म्हणून सांगितलं तरच ऐकायचं, नाहीतर हलायचं नाही. हलला तो बाद. आणि वर्गात मराठी अजिबात नाही!"

"एवढंच? मला वाटत होतं तू शिकवतेस."

हिने माझ्याकडे जे पाहिलं, ते कुठल्याच भाषेत सांगता येणार नाही.

विद्यार्थी आले. टेलरकाका, ड्रायव्हरभाऊ आणि दवाखान्यात काम करणाऱ्या मावशी. "सर सेज, स्टँड अप!" सगळे उभे. "सिट डाउन!" कुणी हललं नाही. मला गंमत वाटू लागली. ऑफिसात शिपायाला पाणी आणायला सांगितलं तरी तो आधी खिडकीबाहेर बघतो. इथे मी नुसतं "सर सेज" म्हणायचा अवकाश, तीन माणसं एका पायावर उभी!

आणि माझी नजर कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर गेली. ते आतल्या खोलीत सरकवा म्हणून ही कितीतरी दिवस माझ्या मागे लागली होती, आणि मी कंबरेचं कारण सांगून टाळत होतो.

"सर सेज, पुश द कबर्ड!"

मावशींनी पदर खोचला. काकांनी चष्मा खिशात टाकला. ड्रायव्हरभाऊंनी कपाटाला खांदा लावला आणि ते असं निघालं, जणू त्याला घाईच होती. मी पुढे होऊन आतल्या खोलीत शिरलो आणि तिथून रुबाबात हात हलवत राहिलो. कपाट दारात आलं. कर्रर्र आवाज झाला आणि ते चौकटीत अडकलं.

"स्टॉप!" मी आतून ओरडलो.

"थांबू नका," काकांची कुजबुज ऐकू आली. "सर सेज म्हणाले नाहीत. फसवतायत!"

त्यांनी आणखी जोर लावला. आता कपाट दारात बुचासारखं बसलं आणि मी आत. त्या खोलीला दुसरं दार नाही. खिडकी आहे, पण तिला गज आहेत. (चोर येऊ नयेत म्हणून मीच बसवून घेतले.)

डोकं शांत ठेवून मी आठवू लागलो. ढकलणे आणि ओढणे यांचे दोन शब्द आहेत, आणि बँकेच्या काचेच्या दारापाशीही माझा नेहमी गोंधळ होतो. शेवटी ठामपणे म्हणालो, "सर सेज, पुश!"

व्हायचं ते झालं. चौकटीचा एक ढलपा माझ्या पायाशी पडला.

"अहो, ओढा! मागे ओढा!"

"नो मराठी, सर," मावशी प्रेमाने म्हणाल्या.

तेवढ्यात ही आली. मी कपाटावरच्या फटीतून हात बाहेर काढून हलवला. "मी इथे आहे गं!"

ही बोलूच शकत नव्हती; डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर झालं होतं. मला वाटलं, आता सोडवेल. हिने फळ्याजवळची पट्टी उचलली आणि कपाटावर टकटक केली.

"धिस इज अ कबर्ड!" वर्ग म्हणाला.

पट्टी माझ्या दिशेला वळली असावी.

"द हसबंड इज बिहाइंड द कबर्ड!"

मग पट्टी माझ्या हाताच्या बोटांवर बसली. जरा जोरातच.

"द हँड इज अबव्ह द कबर्ड!"

तास संपेपर्यंत हिने माझ्यावर सगळी शब्दयोगी अव्ययं उरकून घेतली. ड्रायव्हरभाऊ, ज्यांच्या तोंडून एरवी एक वाक्य निघायला घाम फुटायचा, ते आपणहून म्हणाले, "द हसबंड इज क्रायिंग!" (हे खोटं होतं. मला धुळीने शिंक आली होती.) मग कुठे हिने ओढायची खूण केली आणि एका हिसक्यात कपाट बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी तिघंही पास झाले. परीक्षकांनी "तुमच्या शिक्षिकेच्या घराविषयी सांगा" असं म्हटलं आणि ड्रायव्हरभाऊ न अडखळता इतकं बोलले, की परीक्षकांनी शेजारच्या खोलीतल्या परीक्षकांना ऐकायला बोलावलं. नोकरी पक्की झाली. संध्याकाळी ते माझ्या पाया पडायला आले तेव्हा मला खरोखर भरून आलं. म्हटलं, आपलीही काही किंमत आहे या घरात.

तेव्हापासून प्रवेशाला गर्दी होऊ लागली आणि हिने दारावर नवी पाटी लावली. मी कौतुकाने चष्मा लावून वाचली: 'खेळातून इंग्रजी. शिक्षिका अनुभवी. फळा, चित्रं, नवरा इत्यादी साहित्य वर्गातच मिळेल.'