दुसरा हात पुढच्या रविवारी

आमच्या धुळ्याच्या कॉलनीत एके काळी लग्नाच्या वयाच्या मुली ओळखायची एक सोपी खूण होती. त्यांचा डावा हात गुळगुळीत असायचा आणि उजव्या हातावर लव असायची. ही सगळी सुमनअक्कांची करणी. अक्का आपल्या घरी मुलींचं वॅक्सिंग करून द्यायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत, वर चहा पाजायच्या, सोबत शेव-मुरमुरे द्यायच्या. पण एका रविवारी हात एकच करायच्या. डावा या रविवारी आणि उजवा पुढच्या. कुणी रडलं, कुणी पाया पडलं, कुणाच्या बहिणीचं लग्न चार दिवसांवर आलं, तरी हा नियम हलायचा नाही.

कारण विचारलं की अक्का गंभीर व्हायच्या. "कातडीले इसावा पाहिजे," म्हणायच्या. दोन्ही हात एकाच दिवशी केले तर अंगातली उष्णता डोक्यात चढते, असंही त्यांचं एक शास्त्र होतं. हे शास्त्र कुठल्या पुस्तकात आहे ते विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती. कारण ते विचारायचं तेव्हा आपला हात त्यांच्या मांडीवर असायचा आणि त्यावर गरम पाक पसरलेला असायचा.

अक्का पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होत्या. मूळच्या धरणगावकडच्या एका खेड्यातल्या. उंच, हाडापेरानं दणकट, वय पंचेचाळिशीच्या आसपास. लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, याच्या कॉलनीत तीन-चार कथा होत्या आणि त्या सांगणाऱ्या बायकांना त्यातली एकही धड माहीत नव्हती. वडील, म्हणजे अण्णा, शेवटपर्यंत अक्कांकडेच होते. भाऊ जळगावला, बायको-मुलांसह. अण्णा गेले आणि दोन खोल्यांत अक्का एकट्या राहिल्या. रविवारी घरी काय करायचं हा प्रश्न त्यानंतरचा, आणि वॅक्सिंगही त्यानंतरचंच. ऑफिसात पुण्याहून बदलून आलेल्या एका बाईंनी त्यांना ते शिकवलं. त्या बाई सहा-आठ महिन्यांत बदली करून परत गेल्या, पण अक्कांना उद्योग लावून गेल्या.

अक्कांची भाषा दोन प्रकारची होती. ऑफिसात, बँकेत, दूधवाल्याशी त्या अगदी टाइप केल्यासारखं शुद्ध बोलायच्या. "आपण उद्या यावे, साहेब दौऱ्यावर आहेत." पण हातात पट्टी आली की गावाकडची बोली सुटायची. "हात दे व माय. असा ताठ काबर धरस? ढिला सोड." मग दुसरीकडे बघत काहीतरी भलतंच विचारायच्या, "तुनी आजी बरी शे ना?" आपण आजीचं सांगायला तोंड उघडलं की खस्सकन पट्टी ओढायच्या. आजीबद्दलचं वाक्य किंकाळीतच संपायचं. "काई नही, मुंगी चावनी," अक्का म्हणायच्या आणि पट्टी उजेडात धरून निरखायच्या. "देख, बठ्ठा केस निंघनात."

पाकाची त्यांना फार काळजी. साखर, लिंबू, थोडं पाणी, एवढंच सामान, पण पातेलं गॅसवर चढलं की त्या कुणाशी बोलायच्या नाहीत. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून बघायचा. विरघळला तर कच्चा. खडा झाला तर वाया. चिमटीत धरून ओढला जाईल अशी मऊ गोळी झाली की अक्कांचा चेहरा खुलायचा. रविवारी सकाळी साऱ्या कॉलनीत तो वास सुटायचा आणि पुरुषमंडळी "आज कुणाकडे गोडाचं आहे?" असं एकमेकांना विचारायची. कुणाकडे काय आहे ते त्यांना पक्कं ठाऊक असायचं, पण तसं दाखवायचं नाही अशी तेव्हाची रीत होती.

एकदा उरलेला पाक अक्कांनी काचेच्या बरणीत भरून माझ्या आईकडे ठेवायला दिला. आईनं तो कपाटात साखरांब्याशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी बाबांनी तो पोळीशी खाल्ला. आईच्या साखरांब्याला नावं ठेवली की घरात काय होतं ते बाबांना अनुभवानं माहीत होतं, म्हणून ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त जेवण झाल्यावर बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बोटानं दाढा कोरत उभे राहिले. खरा प्रकार कळल्यावर अक्का आठवडाभर बाबांना बघून दार लावून घ्यायच्या.

पट्ट्या अण्णांच्या धोतरांच्या होत्या. अण्णा गेल्यावर धोतरांची चळत तशीच राहिली होती. भावजय म्हणाली, भांडीवालीला देऊन टाका. अक्कांनी दिली नाहीत. मऊ सूत, धुऊन धुऊन आणखी मऊ झालेलं. त्याच्या सारख्या मापाच्या पट्ट्या कापल्या, काठ दुमडून शिवले. वापरून झाल्या की गरम पाण्यात टाकायच्या, साखर विरघळून जायची, मग गॅलरीत दोरीवर ओळीनं वाळत घालायच्या. एकदा रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा त्या बघून वर आला आणि डॉक्टर किती वाजता बसतात ते विचारू लागला. त्याच्या पायाला खिळा लागला होता. अक्कांनी त्याचा पाय धुतला, हळद लावली, अण्णांच्या धोतराची एक कोरी पट्टी बांधून दिली आणि चहा पाजून पाठवलं.

मे महिन्यात अक्कांची खरी परीक्षा असायची. लग्नांचे दिवस तेच आणि धुळ्याचं ऊनही तेच. पाक घट्ट राहायचा नाही, हाताला घाम सुटायचा, पावडर लावली की तिचं पीठ मळलं जायचं. मग अक्का मुलीला कूलरच्या अगदी तोंडाशी बसवायच्या. कूलरमधून थंड पाण्याचे शिंतोडे तोंडावर यायचे, केस उडायचे आणि अक्का वाऱ्याच्या आवाजावर ओरडून आजीची चौकशी करायच्या. स्वतः मात्र भर मे महिन्यातही मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज घालायच्या. त्यांचे हात आम्ही कधी पाहिलेच नव्हते. सगळ्यांचे हात करणाऱ्या बाईचे हात कुणी करायचे, हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडला नाही.

एका हाताच्या नियमानं सगळ्यांत मोठा घोटाळा झाला तो माझ्या मैत्रिणीचा, वैशालीचा. तिचा डावा हात झाला आणि बुधवारी अचानक पाहुणे बघायला आले. तिच्या आईनं तिला उजवा हात पदराआड ठेवायला बजावलं. त्यामुळे वैशालीनं पोह्यांच्या बशा डाव्या हातानं दिल्या, चहा डाव्या हातानं दिला, मुलाच्या आत्यानं अक्षर बघायला पेन पुढं केलं तेव्हा सहीसुद्धा डाव्या हातानं केली. ती सही तिच्या स्वतःच्याही ओळखीची नव्हती. आत्याबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण मुलगा स्वतः डावखुरा निघाला. लहानपणी त्यावरून त्यानं इतका मार खाल्ला होता की त्याला भरून आलं. तिथल्या तिथं होकार आला. पुढे लग्नानंतर वैशालीला उजव्या हातानं पत्र लिहिताना त्यानं पाहिलं तेव्हा काय झालं, ते ती कधी सांगत नाही.

वैशालीची आई मात्र भडकली होती. आमच्याकडे येऊन आईला म्हणाली, "दोन्ही हात एकदम करायला काय होतं त्या बाईला? पाक तोच, पट्ट्या त्याच."

आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "दोन्ही हात एकदम केले तर पुढच्या रविवारी तिच्याकडे कोण जाईल?"

मीही तिथंच होते. मला ते ऐकून एकदम वाईट वाटलं आणि त्यानंतर उजव्या हातासाठी मी कधी टाळाटाळ केली नाही. चहा दोनदा मागून प्यायले.

पुढे दिवस बदलले. दर भाऊबीजेला अक्का जळगावला भावाकडे जायच्या. सकाळच्या एस.टी.नं जायचं, ओवाळायचं, संध्याकाळच्या एस.टी.नं परत. राहा असं तिथं कुणी फार म्हणत नसावं. एका वर्षी भाची कॉलेजात गेली म्हणून अक्का मोठ्या हौसेनं डब्यात पाक आणि पिशवीत पट्ट्या घेऊन गेल्या. भाची म्हणाली, "आत्या, मी पार्लरमध्येच करते गं. ते चिकट काही नको." हे अक्कांनीच आईला सांगितलं, हसत हसत. डबा तसाच परत आणला होता. पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा तो उघडून बघितला, तर पाक अजून चांगला मऊ होता, हेही सांगितलं.

मग आमच्याच कॉलनीच्या तोंडाशी शीतल नावाच्या मुलीनं पार्लर काढलं. पुढच्या खोलीत मोठा आरसा, दोन फिरत्या खुर्च्या, भिंतीशी बाक. दोन्ही हात एका बैठकीत. कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअर्समध्ये तयार पट्ट्यांची पाकिटंही आली, तळहातात चोळायची आणि लावायची. मुलींना आणखी काय हवं होतं? अक्कांकडे जाणाऱ्या चारच्या दोन झाल्या, दोनाची एक. मी तेव्हा बी.एड.ला जळगावला होते. सुटीत आले की जायचे. अक्का पाक करून, पट्ट्या मांडून, कूलर लावून बसलेल्या असायच्या. "कोनी ना कोनी येस," म्हणायच्या. मी निघाले की म्हणायच्या, "येवढी घाई काबर शे तुले? च्या पी, मंग जाय." पुढच्या एका सुटीत गेले तेव्हा पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. पाक करणं त्यांनी सोडलं होतं.

माझं लग्न ठरलं, जळगावचंच स्थळ. लग्नाआधीच्या रविवारी आई म्हणाली, "पार्लरला जायचं तर जा, पण आधी अक्कांना विचारून ये. त्यांना वाटेल, हिनंही टाळलं." मला विचारायचं नव्हतं, मला अक्कांकडूनच हात करून घ्यायचे होते. तेवढ्यासाठी त्या पातेलं पुन्हा चढवतील अशी माझी खात्री होती. मी गेले तर दाराला कुलूप. रविवारी सकाळी अक्कांच्या दाराला कुलूप मी जन्मात पाहिलं नव्हतं. शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्या शीतलकडे असतील."

मला वाटलं, भांडायला गेल्या.

पार्लरच्या बाकावर चार-पाच मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि मधोमध अक्का. ऑफिसची पर्स मांडीवर, इस्त्रीची साडी, डोक्याला तेल. शेजारच्या मुलीला तिच्या आजीबद्दल विचारत होत्या. मला बघून सरकल्या. "ये, बस."

"अक्का, तुम्ही इथं?"

"घरमा बसीसन काय करू? आठे पोरी येतस, बोलतस. बरं वाटस."

मी बसले. एका मुलीचं झालं. शीतलनं हाक मारली, "अक्का, या." अक्का पटकन शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "तू जाय पह्यले, माले घाई नही." ती गेली. मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा पाक गरम करायला आलेली शीतल हळूच म्हणाली, "दर रविवारी येतात. नंबर लावतात आणि नंबर आला की दुसरीला देतात. आधी मला वाटलं, माझं काम बघायला येतात. मला रागच यायचा. आता एखाद्या रविवारी उशीर झाला तर मीच रस्त्याकडे बघते. घाबरलेल्या मुलींचे हात त्याच धरून बसतात."

मला रडू आवरेना. तोंडावर पाणी मारून बाहेर आले. पुन्हा अक्कांचा नंबर आला.

"तुनं व्हऊ दे," अक्का मला म्हणाल्या. "तू नवरी शे. शीतल मस्त करस."

"नाही. आज तुम्ही."

"माले कशाले? मना हात कोन देखस?"

"मी बघते," मी म्हटलं आणि त्यांना दंडाला धरून उठवलं. त्या खरोखरच घाबरल्या होत्या. खुर्चीत बसल्यावर बाहीची बटणं त्यांना काढता येईनात, ती मी काढली. उजवा हात उघडा झाला. रापलेल्या मनगटाच्या वर एकदम गोरा, दाट लवेचा. बाकावरच्या मुलींनी तो माना उंचावून पाहिला. अक्कांनी डावा हात माझ्याकडे केला, मी तो धरला. शीतलनं पावडर लावली, पाक पसरला, पट्टी दाबली.

"अक्का, भाऊ कसे आहेत जळगावचे?" शीतलनं विचारलं.

अक्का सांगायला गेल्या आणि पट्टी सुटली. "आई व!" अशी आरोळी आली की रस्त्यावरचा रिक्षावाला आत डोकावला. मुली खो-खो हसायला लागल्या. अक्काही हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते थांबेना.

"फार लागलं का?" शीतल घाबरली.

"नही व," अक्का म्हणाल्या. "अण्णा गयात, तैनपासून कोनी असा हात धरना नही."

शीतलनं पुढची पट्टी उचलली. सावकाश सगळा हात केला, पुसला, थंड पाण्याचा फडका फिरवला. मग खुर्चीच्या या बाजूला आली आणि म्हणाली, "अक्का, आता तो हात द्या."

तो हात माझ्या हातात होता. अक्कांची पकड टायपिस्टची, माझी बोटं पांढरी पडली होती. मी सोडवून घेतली नाहीत आणि अक्काही सोडेनात.

"हात देसू," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "जरासं थांब."

शीतलनं पट्टी खाली ठेवली आणि शेजारचं स्टूल ओढून बसली.