पसंत न पडल्यास परत

कपड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी ग्राहकांच्या हितार्थ दारावर सूचना लावली : 'पसंत न पडल्यास आठवड्याच्या आत कपडा परत घेतला जाईल.' माणसं प्रामाणिक असतात, अशी त्यांची समजूत होती. ती त्यांना कुणी करून दिली, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

लगेच एक प्राध्यापिका मखमली झगा परत घेऊन आल्या. झग्याला अत्तराचा वास, घेराला चिखल आणि खिशात नाटकाचं फाटकं तिकीट.

"घातला होता का?" मालकीणबाईंनी अदबीने विचारलं.

"छे हो. आरशासमोर नुसता धरून पाहिला."

"आणि हा चिखल?"

"तुमच्याकडचाच असणार. मी तक्रार करणार नव्हते, पण आता तुम्हीच विषय काढलात."

झगा परत घेतला गेला. वर माफीही मागितली गेली.

असे डागाळलेले झगे मागच्या खोलीत छताला टेकले. ते विकले जाईनात, तेव्हा रफू करणाऱ्या मावशींना घरी बसवावं लागलं. दुकान उघडल्यापासून त्या होत्या. जाताना त्यांनी सुईदोऱ्याचा डबा तेवढा उचलला.

मग मालकीणबाईंनी उपाय काढला. प्रत्येक कपड्याच्या छातीवर तळहाताएवढी लाल चिठ्ठी शिवली. चिठ्ठी निघाली की कपडा परत नाही. आता कोण मिरवेल?

सगळे मिरवले. आधी शालीखाली, मग उघडउघड. बघता बघता लाल चिठ्ठी ही हुशारीची खूण ठरली. समारंभात एखादी बिनचिठ्ठीची दिसली, की बायका हळहळत : "बिचारीने विकत घेतला वाटतं." एका वकीलसाहेबांनी तर चिठ्ठी कोटाच्या रंगाला शोभेल अशी असावी, अशी लेखी सूचना केली.

शेवटी सख्खी नणंद आली. "वहिनी, हा परत घे आणि तो निळा दे. शनिवारी लागेल."

"वन्सं, निदान घरच्यांनी तरी..."

"घरची म्हणूनच तर हक्काने आले. परक्यांचं घेतेस आणि माझं नाही?"

मालकीणबाईंनी निळा दिला आणि दुकान बंद करायचं ठरवलं.

निरोपाला झाडून सगळे ग्राहक जमले. प्राध्यापिका ढासळत्या नीतिमत्तेवर बोलल्या. वकीलसाहेबांचे डोळे पाणावले. फुकट्या लोकांपायी चांगली दुकानं बुडतात, यावर एकमत झालं.

"असं कुणी तुमच्या ओळखीत आहे का?" मालकीणबाईंनी एवढंच विचारलं.

जमलेल्यांनी एकमेकांकडे नीट निरखून पाहिलं. अशा माणसाशी कुणाचीच ओळख निघाली नाही. तुमचीही निघणार नाही. तुम्ही तर हे पुस्तकसुद्धा विकत घेऊनच वाचत असाल.