लोह धरणारा काढा

कंपनीच्या पुडीचं कौतुक मला कुणी सांगू नये! पाकिटावर "चिलेटेड लोह" असं चकचकीत छापतात, आत काय ते सांगायची हिंमत नाही. मी सांगतो. आमच्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण द्राक्षवेलीला ते मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. मग असं रसायन जुळवायचं, जे खेकड्यासारखं नांगीत फक्त लोह धरेल, चुन्याला विचारणारसुद्धा नाही, आणि वेलीच्या तोंडाशी नेऊन सोडेल. बस्स! एवढ्यासाठी कॉलेज कशाला?

"दादा, रविवारपातूर बाग हिरवीगार करतो!" मी थोरल्या भावाला, नाथाजीदादाला, सांगून टाकलं.

रविवारी औंधचे पाहुणे पुतण्या साईराजचं घर-शेत बघायला येणार होते. शेतकऱ्याच्या पोराला पोरगी द्यायला कोण तयार आहे आज? अकरा नकार येऊन गेलेले. त्यात बाग काविळीच्या पेशंटसारखी!

"भावजी, पाया पडते, कायबी करू नगा," विजयमालावहिनी म्हणाल्या.

पण पहिल्या प्रयोगात लिंबाच्या सत्वाने दगा दिला. लोह सोडून चुन्यालाच मिठी! मग हिरडा उकळला, त्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, ओतलं. काय पकड! वर चुना टाकला तरी सुटेना. एवढ्यात रविवार उजाडला. काढा दिसायला कोऱ्या चहासारखा. हाणला फवारणीच्या ब्लोअरने!

वारा लागला आणि बाग काळी पडायला लागली. पानं काळी, घड काळे, मी काळा! तेवढ्यात पाहुणे मांडवाखाली शिरले. मुलीचे वडील, रिटायर सुभेदार लालासाहेब, यांच्या पांढऱ्या मिशांवर वरून थेंब पडले. मिशा वीस वर्षांनी तरुण झाल्या!

"आवं, ह्ये काय टपकतंय?"

मुलगी संयोगिता विश्रामबागच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. तिने पान हुंगलं.

"हिरडा आन् हिराकस? काका, ही तर शाई झाली! लोह धरलंय, पर आसं आवळलंय की वेलीलाबी मिळायचं न्हाई."

"चल गं, घरी!" सुभेदार गरजले. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. बारावा नकार!

"थांबा, आप्पा," संयोगिता म्हणाली. "बाग पिवळी पडली आन् काकांनी घरचा काढा मारला, ह्ये साईराजनी गेटवरच सांगितलं मला. दुसऱ्या कुणी रोग हाय म्हणून थाप मारली आसती. खरं बोलणारा मानूस हाय. बागेचं मी बघते."

सुभेदारांनी काळ्या मिशीला पीळ देत मान डोलावली आणि लग्नाची यादी तिथंच लिहिली. पहिलं कलम: नवऱ्या मुलाच्या काकाने फवारणीच्या पंपाला हात लावायचा नाही.

"आना, सही करतो!" मी ताठ मानेने म्हणालो. "शिकल्याला मानूस हाय मी!"

सुभेदारांनी माझा हात उलटा करून बघितला.

"ऱ्हाऊ द्या. अंगठाच उठवा. शाई लागल्यालीच हाय!"