रोज एक सूत

“लाकूड माझ्यापुढे वाकडं चालत नाही!” असं मिस्त्री भेटेल त्याला ऐकवायचे. पस्तीस वर्षं दारं बसवली, त्यातलं एकही कधी कुरकुरलं नाही, ही त्यांची शेखी. निवृत्त झाल्यावर बसवायला दारं उरली नाहीत, तेव्हा त्यांची नजर बायकोच्या हार्पवर गेली.

बायकोला सगळे बाई म्हणत, कारण त्या घरी मुलांना हार्प शिकवायच्या. हार्प चाळीस वर्षांची, मिस्त्रींपेक्षा वीतभर उंच. खाली सात पेडल, वर लाकडाची बाकदार मान. सत्तेचाळीस तारा त्या मानेला एकाच अंगानं ओढणार, मग ती कलायची राहते होय? पेडल दाबलं की दोन-तीन तारा खरखरायला लागल्या होत्याच. आणि पुढच्या रविवारी शाळेच्या सभागृहात बाईंचा कार्यक्रम! हार्प गेली तर बाई कशात जीव रमवणार, हा विचार मिस्त्रींना सोसेना.

“तू निर्धास्त राहा. मी रोज माप घेतो.”

“घ्या. पण हात लावू नका!”

हात कसला, नुसता डोळा! खुर्चीत बसून, एक डोळा मिटून त्यांनी मानेचं टोक मागच्या कपाटाशी जुळवलं आणि तिथे पेन्सिलीची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी टोक रेघेपासून एक सूत सरकलेलं! सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिसऱ्या दिवशी आणखी एक, आणि रोज नवी रेघ! हार्पच हलली म्हणावं, तर तिचा पाया गालिच्यावरच्या फुलावर जिथल्या तिथे होता. तेही ते रोज गुडघे टेकून बघत. कच्चं काम नाही!

आठवड्यानं त्यांनी घाबरून हार्प दुरुस्त करणाऱ्या कारागिराला फोन लावला.

“मान चाललीय हो! रोज एक सूत!”

“रोज? काका, एवढी तर कित्येक वर्षांत जात नाही!”

“डोळ्यांनी बघतोय मी!”

“बरं, शुक्रवारी येतो. तोवर बाईंना तारा थोड्या सैल करायला सांगा. थोड्याच!”

बाई भाजी आणायला गेल्या होत्या. ‘सांगा’ हा शब्द मिस्त्रींच्या डोक्यावरून गेला आणि थोडं काम करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बाई परतल्या तेव्हा सगळ्या तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबत होत्या आणि मिस्त्री तारा पिळायची किल्ली हातात धरून घाम पुसत होते.

“अहो! काय करून बसलात हे?”

“जीव वाचवला तिचा!”

“आणि रविवारी मी काय वाजवू, कपाळ?”

पिशवी तिथेच टाकून बाई तारा जुळवायला बसल्या. मिस्त्री अपराधी चेहऱ्यानं दिवा धरून उभे राहिले. सात तारांमागे एक लाल, एक काळी, त्यांच्यावरून बाकीच्या ओळखायच्या, एवढं त्यांनाही आता कळत होतं. “लालपासून सुरू करते,” म्हणत बाईंनी किल्ली लावली.

“अगं, ती काळी.”

“माहितीय मला!” म्हणत बाईंनी दुसरी तार धरली. तीही काळी. रागानं हात चुकतोय, असं समजून मिस्त्रींनी दिवा आणखी जवळ धरला.

शुक्रवारी कारागीर आला. त्यानं सगळीकडून पट्टी लावली, वाकून बघितलं, ठोकून बघितलं.

“वयाच्या मानानं मान झकास आहे! चाळीस वर्षांत जेमतेम दोन सूत. खरखर मी आत्ता घालवतो.”

“मग ह्या रेघा?” मिस्त्री कपाटाकडे धावले.

कारागिरानं रेघा पाहिल्या, मग जमीन पाहिली. गालिच्याच्या कडेला फरशीचा हातभर रुंद उजळ पट्टा उघडा पडला होता.

“काका, हार्प गालिच्यावरच आहे. गालिचा खिडकीकडे निघालाय. कोण ओढतं?”

“मी. पाच महिने झाले, रोज थोडा थोडा,” बाई म्हणाल्या.

“तू? का गं?”

“खिडकीपाशी दिसतं. लाल कुठली, काळी कुठली.” बाईंचा आवाज बारीक झाला. “एकदम ओढला असता तर तुम्ही विचारलं असतं. दिसत नाही म्हटल्यावर मुलं कोण पाठवेल माझ्याकडे? आणि वाजवणं सुटलं तर मी काय करू हो?”

आठवडाभर मिस्त्री लाकडाची मान निरखत होते आणि शेजारी बायको डोळे बारीक करून तारा शोधतेय, हे त्यांना दिसलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. बाईंची इतकी माया आली, की कारागिरासमोरच त्यांनी बाईंचा हात धरला.

रविवार कसाबसा निभावला. मिस्त्री शेजारी बसून “लाल! लाल!” असं पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल एवढ्या हळू कुजबुजत होते. सोमवारी डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, “मोतीबिंदू. काढला की झालं!”

महिन्याभरानं गालिचा मूळ जागी गेला आणि बाई वाजवायला बसल्या. एकही तार चुकली नाही. वाजवता वाजवता त्यांनी वर पाहिलं आणि हात थांबवला.

“अहो, रडताय की काय?”

“छे! सर्दी झालीय.”

“सर्दी गालावरून वाहते?” बाई निरखून बघू लागल्या. “मी वाजवायला बसले की दरवेळी नाक ओढता, ते हे होय? आणि मी मेली तीन वर्षं तुम्हाला सर्दीचं औषध पाजतेय!”

मिस्त्रींनी बाहीनं गाल पुसला. त्या दिवशीचे दोन चमचे त्यांनी सकाळीच मुकाट्यानं घेतले होते.