बेस हाय!

बिघडलेली कुठलीही वस्तू जयसिंगला दाखवा, ती का बिघडली हे तो हां हां म्हणता सांगायचा. ती दुरुस्त व्हायचीच असं नाही, पण कारण मात्र पक्कं कळायचं! खराडीच्या एका आयटी कंपनीत तो टेस्टर होता. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा त्याला पगार मिळायचा. घरी तो हेच काम फुकट करायचा.

"बिघाड शोधायची एक पद्धत असते," तो सांगायचा. "एकेक गोष्ट बाद करत जायचं. शेवटी उरेल तो गुन्हेगार!"

त्यामुळे बेस गिटारचा अँप्लिफायर बिघडला, तेव्हा त्याला वाईट वाटायच्या ऐवजी थोडा आनंदच झाला.

बिघाड लक्षात कसा आला, तेही ऐकण्यासारखं आहे. कंपनीतल्या चौघांचा बँड होता. सिराज ड्रमवर, शकील कीबोर्डवर, गायला रशीदा आणि बेस गिटारवर आपला जयसिंग. भवानी पेठेत सिराजच्या काकांचं, दादामियाँचं, लाकडी कपाटांचं गोदाम होतं. तिथे हे चौघे गेले कित्येक महिने सराव करत होते. एकदा गाण्याच्या ऐन मध्यात सिराजला शिंका आल्या आणि ड्रम थांबला. रशीदाने वळून पाहिलं.

"जयसिंग, तू वाजवतोयस ना?"

"म्हणजे काय! हे बघ की!"

"मग ऐकू का येत नाहीये?"

सगळ्यांनी खोक्याकडे पाहिलं. खोका म्हणजे छोट्या फ्रिजएवढा स्पीकर, आणि त्याच्या डोक्यावर अँप्लिफायरचं मशीन. मशीनचा लाल दिवा ऐटीत जळत होता. आवाजाचा पत्ता नव्हता! इतके महिने सिराजच्या मोठ्या ड्रमचा धप्पा ऐकून जयसिंगला वाटत होतं, वा, काय वाजवतोय आपण!

"शनिवारी कंपनीचा फॅमिली डे आहे," सिराज म्हणाला. "तोपर्यंत बेस ऐकू आला तर ठीक. नाही तर शकीलचा डावा हात तसाही रिकामाच असतो, तो कीबोर्डवर बेस वाजवेल. मग तू खाली बसून टाळ्या वाजव."

हे जयसिंगला फार लागलं. ऑफिसात तो दिसला की लोक रस्ता बदलायचे, कारण तो यायचा तो चूक घेऊनच. बँडमध्ये आल्यापासून मात्र कँटीनमध्ये त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवत होते. शिवाय शनिवारी आई पहिल्यांदाच त्याला स्टेजवर बघायला येणार होती. खाली बसून टाळ्या वाजवणारा मुलगा तिने घरी रोजच पाहिला होता.

खोका आणि मशीन रिक्षा-टेम्पोत घालून त्याने कर्वेनगरला घरी आणलं. आता घरी वाजवायचं म्हणजे एक अडचण होती. सोसायटीचे चेअरमन दिगंबरपंत खालच्याच मजल्यावर राहायचे, आणि त्यांनी जिन्यात पाटी लावली होती : 'ज्यांना वाद्य येते त्यांनी वाजवावे. ज्यांना येत नाही त्यांनी स्वतःच्या कानात वाजवावे.' पाटीवर नाव कोणाचंच नव्हतं, पण तिच्यावर चित्र गिटारचं होतं!

म्हणून जयसिंग एरवी खोका गोदामातच ठेवून नुसतं मशीन घरी आणायचा आणि हेडफोन लावूनच वाजवायचा. हेडफोनची पिन बारीक आणि मशीनचं भोक मोठं, तेव्हा मध्ये एक पितळी अडॅप्टर लागायचा. हरवू नये म्हणून तो त्याने भोकातच बसवून ठेवला होता. आज त्याने खोकाही जोडला, त्याचा आवाज खालच्या मजल्यावर जाणार नाही इतका बारीक ठेवला, नेहमीसारखी अडॅप्टरमध्ये पिन खुपसली, हेडफोन कानांवर चढवले आणि तार छेडली. कानांत घुमला ना आवाज!

"गिटार बाद! वायर बाद! मशीन बाद!" तो ओरडला. "राहिला खोका."

पण हेडफोन लावलेल्या माणसाला खोक्याचं काय कळणार? खोक्याजवळ मथुराबाई, म्हणजे आई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. जयसिंगने एका कानावरचा हेडफोन उचलून मोठ्याने विचारलं, "आई, बेस आहे का?"

मथुराबाईंनी लेकाची नाचणारी बोटं पाहिली. चेहऱ्यावरचा आनंद पाहिला.

"बेस हाय!" त्या म्हणाल्या. "लई बेस हाय!"

आता मथुराबाई जुन्या हिंगण्याच्या, म्हणजे आजच्या कर्वेनगरच्याच. गाव शहरात गेलं, शेतावर सोसायटी उभी राहिली, पण त्यांची बोली काही कोणी विकत घेतली नाही. त्यांच्या बोलीत भाकरी बेस, जावई बेस, पाऊसपाणी बेस. बेस म्हणजे छान! जयसिंग हीच बोली ऐकत वाढला होता. पण खराडीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाचे कान इंग्रजी होतात, त्याला तो तरी काय करणार?

"खोका बाद!" जयसिंगने मांडीवर थाप मारली. "घरी वाजतो, गोदामात वाजत नाही. म्हणजे गुन्हेगार गोदामाची वीज! अर्थिंगच नसणार तिथे!"

दुसऱ्या दिवशी तो मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी आणि पहार घेऊन गोदामाच्या अंगणात हजर झाला. खड्डा खणायचा, त्यात मीठ-कोळसा भरायचा, पट्टी पुरायची की झालं अर्थिंग! शकीलने सुचवलं, "आधी कुणाला विचारू या का?"

"पद्धत असते रे प्रत्येक गोष्टीची," जयसिंग म्हणाला आणि त्याने पहार हाणली.

तिसऱ्या घावाला खण्णकन आवाज झाला आणि खडकवासल्याचं पाणी थेट भवानी पेठेत उसळलं! नळाची वेळ होती. बघता बघता अंगण भरलं, पाणी गोदामात शिरलं, आणि पॉलिश केलेली दोन कपाटं तरंगायच्या बेतात आली. बादल्या घेऊन सगळी गल्ली धावली. काही बादल्या मदतीला आल्या होत्या, बाकीच्या भरून घरी गेल्या.

दादामियाँ लुंगी वर धरून उंबऱ्यात उभे होते. त्यांनी शांतपणे पाहून घेतलं.

"जयसिंगराव," ते म्हणाले, "गाण्याला सूर लागतो, ताल लागतो, इतकं आम्ही ऐकून होतो. विहीरही लागते, हे आज कळलं."

प्लंबर येईपर्यंत जयसिंग पाइपवर गोणपाट दाबून बसला होता. त्याही अवस्थेत तो शकीलला म्हणाला, "एक मात्र आहे, ओलं अर्थिंग सगळ्यात चांगलं!"

खोका पुन्हा गोदामात आला. आवाज शून्य. खोका घरी गेला. "आई, बेस आहे का?" "बेस हाय!" पुन्हा गोदाम, पुन्हा शून्य! टेम्पोवाला आता न सांगता रोज येऊन हॉर्न द्यायला लागला होता. या सगळ्यात शनिवार उजाडला.

जयसिंग गिटार घेऊन स्टेजवर चढला. पहिल्या रांगेत मथुराबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. गाणी सुरू झाली. ड्रमच्या दणदणाटात बेस येतोय की नाही, त्याला काही कळेना. मग त्याने पाय फाकवले, डोळे मिटले आणि देवावर हवाला ठेवून वाजवलं.

कार्यक्रम संपल्या संपल्या सिराज घाम पुसत थेट पहिल्या रांगेत गेला.

"काकू, अगदी खरं सांगा. बेस कसा होता?"

"लई बेस!"

"शेवटच्या गाण्यात पण?"

"समद्यात बेस! माझा जय तर कायच्या काय बेस!"

सिराजने स्टेजवर धावत जाऊन जयसिंगला मिठी मारली. "अर्थिंगने काम केलं, यार! तुझी जागा पक्की!"

जयसिंग तरंगतच घरी आला. दिगंबरपंत गावाला गेले होते, तेव्हा आज खोका मोकळा वाजवायचाच! त्याने हेडफोनची पिन उपसली आणि तार छेडली. खोका गप्प. तो वाकून बघायला लागला. पितळी अडॅप्टर भोकात बसून त्याच्याकडे बघत होता. मशीनच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की या भोकात काहीही घातलं तर स्पीकर बंद होईल.

त्याने अडॅप्टर नखाने उपटला आणि तार ओढली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या! सुपातले तांदूळ उडाले!

"आई! हा बेस!"

"ह्यो कसला मेला बेस?" मथुराबाई कान झाकत ओरडल्या. "मघाचा बेस होता!"

जयसिंग मटकन खाली बसला. हिंगण्याची अख्खी बोली त्याला एका क्षणात परत आठवली. पण बिघाड सापडला होता, आणि जागा तर पक्कीच होती! सोमवारी सरावाला त्याने अडॅप्टर खिशात टाकला आणि जीव ओतून वाजवलं. चौघांत पहिल्यांदाच त्याची गिटार प्रत्येकाला स्पष्ट ऐकू आली.

गाणं संपलं. कोणी कोणाकडे बघेना.

"तू रोज हेच वाजवायचास?" रशीदाने हळूच विचारलं.

सिराजने घसा खाकरला. "जयसिंग, ते तुझं शनिवारचं सेटिंग... काकूंना आवडलेलं... तेच ठेव ना."

 जयसिंगने खिशातून अडॅप्टर काढला, मशीनच्या भोकात नीट बसवला आणि सगळी बोटं लावून एक दणदणीत सूर छेडला. खोका गप्प राहिला.

"आता?" त्याने विचारलं.

तिघांनी एकदम मान डोलावली. "बेस हाय!"